"गावात जागाच नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक नकाशा

घरकुल मंजूर आहे, यादीत नाव आहे, आधार जोडलंय, पण बांधायचं कुठं? ग्रामपंचायतीत उत्तर ठरलेलं असतं: गावात जागाच नाही. मी आर्किटेक्ट आहे, सांगलीत काम करते, गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. आज स्पष्ट लिहिते. जागा आहे. ती कुणाला द्यायची नाही, एवढंच गावात ठरलेलं आहे.

आमच्या गावठाणाची अवस्था बघा. खाली नदी. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या खालच्या आळीत माणसं माळ्यावर बसून होती. त्यामुळं निळ्या रेषेच्या, म्हणजे नकाशावरच्या बांधकामबंदीच्या पूररेषेच्या, आत नवं घर नको, हे मला मान्य आहे. पण वरच्या अंगाला सगळा ऊस. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकाऱ्यांचा. मागणी मात्र गावातनं जावी लागते, आणि ती जात नाही. हद्दीला लागून जमीन कुणाची आहे ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिवाय नवी गल्ली म्हणजे नवी मतं, ती कुठल्या पॅनेलला पडतील याची खात्री कुणालाच नाही. म्हणून गावठाणवाढीचा विषय दर निवडणुकीला निघतो आणि निकालानंतर विरतो.

हद्दीपासून २०० मीटरपर्यंत घर बांधायला आता वेगळी बिगरशेती परवानगी लागत नाही. चांगला नियम आहे, पण फायदा जमीनवाल्याचा. त्याच्या गुंठ्याचा भाव वाढला, भूमिहीनाला तो गुंठा आणखी लांब गेला. गायरानाचं म्हणाल तर २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली, त्यामुळं तिकडूनही जागा सहजी मिळत नाही.

खालच्या आळीतलं एक घर सांगते. दोन खणांचं, वर पत्रा. तीन भाऊ, तिघांची लग्नं झालेली. मधे साड्यांचे पडदे. तीन गॅस शेगड्या एकाच ओट्यावर, शेजारी शेजारी. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, गिलावा तिथपर्यंत फुगून सुटलाय. थोरल्या सुनेनं त्या रेघेच्या वर फळी ठोकलीय आणि पोरांची दप्तरं, रेशनकार्ड, शाळेचे दाखले सगळं त्या फळीवर ठेवलंय. घर कसं असावं हे त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिघांपैकी दोघांना घरकुल मंजूर आहे, जागेअभावी पडून आहे.

आता हिशेब. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. लाल रेषेच्या, म्हणजे मोठ्या पुराच्या हद्दीच्या, वर, डांबरी रस्त्याला लागून १० गुंठे घेतले तर झाले १०,८९० फूट. तळमजला अधिक एक मजला, सामाईक भिंती, दोन घरांना मिळून एक जिना. वीस जोत्यांवर चाळीस कुटुंबं. जोती खातात ५,३८० फूट. उरलेल्या निम्म्या जागेत जिने, रस्ता, अंगण, पाण्याची टाकी, शेळ्या बांधायला कड.

पैशाचंही बोलू. दीनदयाळ उपाध्याय योजनेतनं जागेसाठी १ लाखापर्यंत मिळतात. एकट्यानं बागायती पट्ट्यात एवढ्यात काही येत नाही. चाळीस जणांनी एकत्र घेतलं तर ४० लाख, म्हणजे गुंठ्याला ४ लाख मोजता येतात. जमिनीचे फार छोटे तुकडे विकू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात बागायतीची १० गुंठ्यांची खरेदी बसतेही. बांधकामाला मात्र घरकुलाचं १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान पुरणार नाही. काळ्या मातीत पायाच खोल जातो. म्हणून पाया, कॉलम, स्लॅब, जिना आणि मोरी आधी पक्की करायची, आतल्या भिंती आणि फरशी ज्यानं त्यानं सवडीनं.

हे हवेतलं नाही. चिलीत इकिके शहरात आर्किटेक्ट अलेहांद्रो अरावेना यांनी २००४ साली हेच केलं. शंभरेक कुटुंबं जिथं राहत होती त्याच अर्ध्या हेक्टरवर, आपल्या भाषेत पन्नासेक गुंठ्यांवर, त्यांना घरं दिली. अर्धं घर बांधून, अर्धं त्यांच्यावर सोडून. शहराबाहेर हाकलायचं टळलं ते नकाशामुळं. पुण्यात येरवड्याला 'स्पार्क' ही संस्था आणि 'महिला मिलन' या वस्तीतल्या बायकांच्या गटानं आहे त्याच जागी घरं उभी केली, आराखडा कसा हवा ते बायकांशी बसून ठरवलं.

काहीजण म्हणतील, खेड्यात कोण वर राहील? गुरं, सरपण, म्हातारी माणसं. प्रश्न रास्त आहे. म्हणून म्हातारी आणि गुरंवाली कुटुंबं खाली, बाकीची वर, आणि घरं वाटायला चिठ्ठ्या टाकायच्या आधी हे ठरवून घ्यायचं. पण वाड्याच्या माडीवर राहण्यात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठा वाटली, त्यांनी गरिबाला माडी झेपणार नाही असं सांगू नये.

नकाशाचा फायदा असा की त्याला नुसतं "बघू" म्हणता येत नाही. गट नंबर लिहिलेला, जिना दाखवलेला, नावं घातलेली. मग नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि ते ठरावाच्या वहीत लिहिलं जातं.

१ मेच्या ग्रामसभेत हा आराखडा मोठ्या कागदावर लावणार आहे. घरकुल मंजूर असून जागा नाही अशा सगळ्यांनी मंजुरीचा कागद घेऊन या. बायकांनी जरूर या, ओटा कुठल्या बाजूला हवा ते मला त्यांच्याकडूनच हवंय. आणि रस्त्याकडेला १० गुंठे विकायला तयार असलेला कुणी शेतकरी असेल तर ग्रामसभेच्या आधी इनबॉक्समध्ये बोला. सरळ बाजारभावानं बोलू.