लिनक्सला हौशी म्हणून बाजूला काढू नका

'कामाला मॅक, खेळायला विंडोज आणि लिनक्स हौशी मंडळींसाठी' ही एका लेखात वाचलेली ऑपरेटिंग सिस्टिमची वाटणी मला मुळीच पटली नाही.

मी वीस वर्षं डीटीपी करतेय. गिऱ्हाईक जुन्या स्मरणिकेची पेजमेकरची (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइल घेऊन येतं, मजकूर युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची समान पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला. तो फॉन्ट नसेल तर पानभर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात, 'श्री गणेशाय नमः'सुद्धा ओळखू येत नाही. अशा कामाला विंडोजच हवं, महागडा मॅक काय करणार? व्हिडिओ एडिटिंगवाल्यांचं वेगळं. 2020 मध्ये मॅकमध्ये ॲपलची स्वतःची एम1 चिप आल्यापासून त्यांचं मॅकप्रेम मला समजतं.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नाही, म्हणजे विंडोज 11 च्या अटीत तो बसत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. चालतं मशीन भंगारात द्यायचं? मी लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासूनच होता, फक्त सेटिंगमध्ये जाऊन निवडला.

आणि खेळाचं म्हणाल, तर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 2018 मध्ये प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणल्यापासून विंडोजचे कितीतरी गेम लिनक्सवर चालतात. त्यांचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक तर लिनक्सवरच चालतो. व्हॅलोरंट हा गेम मात्र नाही, त्याचं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच मागतं. त्यामुळे भाचा सुट्टीत आला की माझ्या कामाच्या पीसीवर ठाण मांडतो. रात्री नऊनंतर, छपाईच्या फाइली प्रेसला गेल्यावरच, एवढी एक अट आहे.