माणशी एकच खोकं

काल रविवारी माझ्या नावावर एक खोकंभर कोबी विकला गेला. तो आत्ता कुणाच्या तरी घरी मिठात मुरत असेल. माझ्या घरी नाही.

आम्ही राहतो पॅलिसेड्स पार्क नावाच्या गावात. न्यू जर्सीतली बर्गन काउंटी, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज ओलांडला की पलीकडे मॅनहॅटन. मराठी माणूस घर बघतो एडिसनला, जिथे भाकरीपासून भटजीपर्यंत सगळं मिळतं. आम्ही आलो न्यूयॉर्कच्या बसच्या लोभाने. 2010च्या जनगणनेत इथले निम्म्याहून जास्त लोक कोरियन निघाले आणि 2018मध्ये महापौरही कोरियन वंशाचा निवडून आला. ब्रॉड अव्हेन्यूवरच्या पाट्या कोरियन. इंग्रजी असलीच तर खाली, बारीक अक्षरात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे पार्किंगबद्दल. जुनी घरं पाडून जिकडेतिकडे जुळी घरं उठवली, प्रत्येकाला गॅरेज, आणि गॅरेजच्या तोंडाशी रस्त्यावर गाडी लावायची नाही. मग लावायची कुठे? छपरावर? पण तो विषय काढला की माझं जेवण थंड होतं.

तर रविवार. बर्गन काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर, टीव्ही-बिव्ही विकायला कायद्याने बंदी आहे. मोठमोठे मॉल ओस पडतात. खाण्याच्या वस्तू तेवढ्या मिळतात, त्यामुळे सगळी जनता कोरियन सुपरमार्केटात. त्यात नोव्हेंबर म्हणजे किमजांग, हिवाळाभर पुरेल एवढी किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, घालण्याचा मोसम. दक्षिण कोरियातल्या या प्रथेला 2013मध्ये युनेस्कोने वारसा यादीत घेतलं. आमच्या आईने आणि शेजारणींनी गच्चीवर बसून जन्मभर कुरडया घातल्या, तिकडे युनेस्को कधी फिरकलं नाही.

दुकानाच्या दारातच चिनी कोबीच्या खोक्यांची थप्पी होती. वर पाटी: सेल, माणशी एकच खोकं. मला हवा होता मुळा, कोथिंबीर आणि मिरच्या.

मुळा टोपलीत टाकला आणि तो कुणीतरी बाहेर काढला. बघतो तर एक आजीबाई. घट्ट कुरळे केस, अंगात फुलाफुलांचं कापूस भरलेलं जाकीट आणि कपाळावर उन्हासाठीची हातभर रुंद काळी झापड. बाहेर आभाळ आलेलं, आम्ही छताखाली, तरी झापड. मुळ्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "इनसाइड, होल." तो ठेवून दिला, ढिगाच्या तळातून दुसरा उपसला, टोपलीत टाकला. मुळा उत्तम निघाला, हेच मला जास्त लागलं.

"हाउ ओल्ड?"

मला वाटलं मुळ्याचं विचारताहेत.

"यू!"

"फॉर्टी वन," मी म्हणालो.

"आय, सेव्हन्टी थ्री."

झालं. कोरियन माणसं वय विचारतात ते भोचकपणे नव्हे. कोण थोरलं, कोण धाकटं यावर कोणी कोणाशी कसं बोलायचं ते ठरतं. आमचंही ठरलं. आजींनी थप्पीकडे बोट केलं.

"यू टेक वन."

"मला नकोय."

"नॉट फॉर यू."

खोकं असेल चाळीस-पन्नास पौंडांचं. ते माझ्या ट्रॉलीत चढलं, म्हणजे मी चढवलं, आणि आजी स्वतःचं खोकं घेऊन माझ्या मागे रांगेत उभ्या राहिल्या, पहाऱ्यावर. वेळ जायला चौकशी. लग्न झालंय? मुलं? एकच? "व्हाय वन?" याचं उत्तर मी माझ्या सासूलाही दिलेलं नाही. भाडं किती? सांगितलं. आजींनी जीभ चुकचुकली, "टू मच." या गावात हे मान्य करणारं पहिलं माणूस भेटलं, म्हणून क्षणभर विरघळलो. तेवढ्या अवधीत त्यांनी माझ्या बिलावर सवलतीच्या पॉइंट्ससाठी स्वतःचा फोन नंबर दाबून घेतला. खोक्याचे पैसे मात्र रोख दिले, नाण्यांसकट मोजून. माझ्या मुळ्या-मिरच्यांचे पैसे मी भरले. पॉइंट आजींना.

गाडीपर्यंत खोकं मीच नेलं. गाडी दोन जागा अडवून तिरकी लावलेली. पार्किंग मिळत नाही ते का, हे मला तिथे कळलं. डिकी उघडली, तर आत आधीचीच खोकी! म्हणजे सकाळपासून माझ्यासारखे किती जण कामाला लागले होते देव जाणे. आजींनी खिशातून एक संत्रं काढून माझ्या हातात ठेवलं, दंडावर थोपटून म्हणाल्या, "गुड बॉय," आणि गेल्या. संत्रं कोमट होतं.

सोलतोय तोच बायकोचा मेसेज: "खालच्या काकू किमची शिकवणारेत. सेल आहे म्हणे, कोबीचं खोकं आण."

पुन्हा आत. पुन्हा खोकं, पुन्हा रांग. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, यू ऑलरेडी टुक वन."

"ते त्या बाईंचं होतं."

"विच लेडी?"

मी वळून पाहिलं. रांगेत ओळीने कुरळे केस आणि काळ्या झापडा. त्या मुलीला आजी आठवत नव्हत्या, मी आठवत होतो. एरवी याच दुकानात मासळीच्या काउंटरवर मी हात वर करून उभा असतो आणि माझ्या डोक्यावरून मागच्यांच्या ऑर्डरी घेतल्या जातात, तेव्हा मी कुणाला दिसत नाही. नियम दाखवायचा झाला की अख्ख्या रांगेत एकटाच उठून दिसतो. मॅनेजरला बोलावलं. त्याने सीसीटीव्हीकडे बोट दाखवलं. त्यात मीच दिसणार होतो, खोकं उचलताना, बहुधा हसत.

घरी येऊन सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं, मुळा हातात घेऊन निरखला, चांगला आहे म्हणाली, आणि मग विचारलं, "पण तू खरं वय सांगितलंसच कशाला? पंच्याहत्तर सांगायचं होतंस."