कंपनी अडचणीत आहे? नव्या प्रकल्पाची फाईल आधी बाजूला ठेवा

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांच्या, संचालकांसाठी हे लिहितोय. लातूर, धाराशिव, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड इथल्या सोयाबीनवर चालणाऱ्या कंपन्यांसाठी तर खासच. सप्टेंबर २०२५ च्या पावसाने उभं सोयाबीन पाण्यात गेलं आणि बऱ्याच जणांच्या हाती आला तो माल डागी होता. अशा वर्षी कंपनीचं शेड रिकामं राहतं, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. सभासद पुन्हा आडत्याच्या दारात जातो आणि संचालकांमध्ये कुजबुज सुरू होते.

अशा वेळी बहुतेक संचालक मंडळं एकच करतात, अनुदानाच्या नव्या प्रकल्पाची फाईल उघडतात. डाळ मिल, तेलघाणा, शीतगृह, जे मंजूर होईल ते. हे मला घातक वाटतं. अनुदानातून शेड आणि यंत्र उभं राहतं, पण ते चालवायला लागणारं खेळतं भांडवल कंपनीलाच उभं करावं लागतं. ते आधीच अडकलेलं असेल, तर दुसरं यंत्र म्हणजे दुसरा हप्ता आणि दुसरं वीजबिल. अडचणीच्या वर्षात वाढीची जागा कंपनीच्या जुन्या कागदांतच सापडते: कपात झालेल्या ट्रकच्या पावत्यांत, माल आणणं बंद केलेल्या सभासदांच्या यादीत आणि बंद पडून राहिलेल्या यंत्राच्या तासांत.

त्याआधी श्वास घ्यायला वेळ मिळवावा लागतो. पुढच्या १३ आठवड्यांचा रोकड तक्ता हाताने कागदावर काढा. दर आठवड्याला हातातली शिल्लक, नक्की येणारे पैसे, नक्की जाणारे पैसे आणि उरणारी शिल्लक, एवढे चार रकाने पुरतात. चूक होते ती ‘येणारे’ या रकान्यात. हमीभाव खरेदीचं कमिशन, अनुदानाचा पुढचा टप्पा, एखाद्या व्यापाऱ्याकडची सहा महिन्यांची उधारी हे सगळं तिथे लिहिलं जातं आणि कागदावर कंपनी सुदृढ दिसते. ज्या पैशाची तारीख समोरच्याने लेखी दिलेली नाही तो पैसा या तक्त्यात येऊ देऊ नका. ‘जाणारे’ या रकान्यात विजेचा स्थिर आकार विसरू नका. यंत्र बंद असलं तरी मंजूर भारावर तो लागतोच. हंगामाबाहेर यंत्र चालणारच नसेल, तर भार कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो.

तक्त्यात कुठल्या आठवड्यात शिल्लक उणे होते ते दिसलं, की बँकेत जा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादित वर्गात (एनपीए) जातं. त्यानंतर शाखाधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याच्या हातात फार काही उरत नाही. तीस-चाळीस दिवसांच्या थकबाकीवर, तक्ता हातात घेऊन, ‘या तीन महिन्यांचं व्याज भरतो, मुद्दल पुढे ढकला’ असं म्हणणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. अध्यक्ष फोन उचलत नाहीत, एवढ्यानेच अनेक खाती बिघडतात.

आता पावत्यांकडे. गेल्या दोन हंगामांच्या सगळ्या ट्रकच्या पावत्या काढा आणि प्रत्येक कपातीपुढे कारण लिहा: ओलावा, माती-काडी, डागी दाणा की वजनातली तूट. हमीभाव खरेदीत सोयाबीनचा नेहमीचा निकष ओलावा १२ टक्के आणि माती-काडी २ टक्के असा आहे. सोयाबीनचं तेल काढणारे प्लांटवालेही साधारण त्याच्याच आसपास भाव धरतात. निम्म्याहून जास्त कपात एकाच कारणाने झालेली दिसली, तर तुमच्या वाढीची पहिली जागा तीच आहे. तिथे सभासदाचेही पैसे जातात आणि कंपनीचेही, म्हणून ती कपात टाळणाऱ्या सेवेचे (वाळवणं, चाळणं) पैसे द्यायला सभासद तयार असतो.

ओलाव्याचंच बघा. ‘वाळवून विकलं की फायदा’ असं सगळे म्हणतात, हिशोब फार थोडे मांडतात. १०० क्विंटल माल १८ टक्के ओलाव्याचा आहे. त्यातला कोरडा भाग ८२ क्विंटल. तो १२ टक्क्यांवर आणला की वजन ८२ भागिले ०.८८, म्हणजे साधारण ९३.२ क्विंटल भरतं. जवळजवळ सात क्विंटल पाणी उडून गेलं. समजा वाळलेल्या मालाला ४,३०० भाव आहे आणि ओल्याला ३,८००. ओला विकला तर ३ लाख ८० हजार, वाळवून विकला तर ४ लाख ७०० च्या आसपास. क्विंटलमागे २०७ रुपये सुटतात. त्यातून डिझेल किंवा वीज, मजुरी, ताडपत्री आणि हमाली वजा करा. पण ओल्याला ४,०५० मिळत असतील, तर वाळवणं हा तोट्याचा धंदा आहे, कारण या उदाहरणात बरोबरीचा भाव ४,००७ च्या आसपास येतो. हा आकडा रोज सकाळी बाजारभाव आल्यावर फळ्यावर लिहिला पाहिजे. ज्या दिवशी ओल्याचा भाव त्याच्या बराच खाली असेल, त्या दिवशी ड्रायर लावा. फरक किरकोळ असेल, तर सभासदाला सरळ सांगा की दादा, आज ओलाच विका. असा सल्ला दिल्याने एका दिवसाचं भाडं बुडतं, पण तो माणूस पुढच्या वेळी तुम्हाला विचारल्याशिवाय माल हलवत नाही.

ड्रायर नसेल तर घेऊ नका, निदान या वर्षी तरी नको. काँक्रीटचा ओटा, मोठ्या ताडपत्र्या, दोन-तीन इंचांचा थर आणि तासा-दोन तासांनी उलथणं, एवढ्यावर एक हंगाम निघतो आणि किती सभासद खरंच येतात तेही कळतं. चाळणी यंत्राचंही असंच. दिवसाला किती तास चालू शकतं आणि खरंच किती तास चाललं, हे लिहून ठेवा. सोयाबीन गेलं असेल तर तूर, हरभरा, ज्वारी भाड्याने स्वच्छ करून द्या. वसमत-हिंगोली पट्ट्यात हळद शिजवण्याच्या बॉयलरचा विचारही याच अंगाने करता येतो.

पैसे किती दिवसांनी फिरतात याकडे मात्र फार कमी संचालकांचं लक्ष असतं, आणि मला ही सगळ्यात मोठी गळती वाटते. २० लाख खेळतं भांडवल, ४,३०० भाव. एका फेरीत ४६५ क्विंटल घेता येतं. प्लांट २० दिवसांनी पैसे देत असेल तर ९० दिवसांच्या हंगामात साडेचार फेऱ्या, म्हणजे साधारण २,१०० क्विंटल. क्विंटलला ६० रुपये सुटले तर सव्वा लाख. दुसरा प्लांट भाव २० रुपये कमी देतो, पण पैसे दहाव्या दिवशी देतो. आता फेऱ्या नऊ, माल साधारण ४,२०० क्विंटल, ४० रुपयांनी मिळकत १ लाख ६७ हजार. भाव कमी घेऊन कंपनी वाढली, नवं कर्ज न काढता. त्याशिवाय १२ टक्के व्याजाने दहा दिवस जास्त अडकलेला पैसा क्विंटलमागे १४ रुपये खातो, तेही वाचतात. पण मालच ४,२०० क्विंटल मिळणार नसेल तर या गणिताचा उपयोग नाही. म्हणून पुढचा कागद सभासदांचा.

समजा ५०० सभासद आहेत आणि माल १२० जणच आणतात. उरलेल्या ३८० पैकी तीस-चाळीस जणांच्या घरी जा. मेळावा घेऊ नका, मेळाव्यात खरं कुणी बोलत नाही. उत्तरं बहुधा अशी येतील: पैसे चौथ्या दिवसानंतर मिळाले, काट्यावर शंका आली, किंवा जूनमध्ये आडत्याकडून उचल घेतली होती म्हणून माल त्यालाच द्यावा लागला. पहिली दोन कारणं कंपनीच्या हातात आहेत. वजनाच्या वेळी सभासदासमोर पावती फाडा आणि पैशाचा दिवस ठरवून तो पाळा. तिसऱ्या कारणावर मात्र नीट विचार हवा. पेरणीच्या वेळी ज्याने पैसे दिले त्याच्याकडेच ऑक्टोबरमध्ये माल जातो. क्विंटलला पन्नास रुपये जास्त देऊन कंपनी ते नातं तोडू शकत नाही. बियाणं, खत, औषधाचे परवाने कृषी विभागाकडून घेऊन निविष्ठा केंद्र चालवणं हा रस्ता आहे, पण उधारीवर चालवलं तर तेच केंद्र कंपनीला बुडवतं. मागणी मे महिन्यात गोळा करा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या, तेवढाच माल उचला.

बियाण्यात तर मराठवाड्याला मोठी संधी आहे, आणि ती नुकसानीच्या वर्षातच उघडते. खरीप २०२० मध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता आणि औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. काढणीच्या वेळी भिजलेल्या मालाची उगवण घटते, म्हणून अशा हंगामानंतर पुढच्या जूनला चांगलं बियाणं कमी पडतं. विहिरीला किंवा कालव्याला एप्रिलपर्यंत पाणी असलेले दहा-पंधरा सभासद शोधा आणि वीस एकरांवर उन्हाळी सोयाबीनचा बीजोत्पादन प्लॉट घ्या. पायाभूत बियाणं (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात ते) परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आहे का, ते नोव्हेंबरमध्येच विचारून ठेवा. प्रमाणित बियाणं करायचं तर बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेकडे वेळेत नोंदणी लागते. दुसऱ्या वाणापासून तीन मीटर अंतर लागतं आणि उगवण किमान ७० टक्के लागते.

हा प्लॉट फसतो तो तीन ठिकाणी. पेरणी जानेवारीच्या पुढे सरकली की शेंगा भरताना कडक ऊन लागतं, दाणा बारीक राहतो आणि काढणी वळवाच्या पावसात सापडते. मळणी यंत्र नेहमीच्या वेगाने चालवलं की दाण्याचं साल फुटतं. वरून धड दिसणारा दाणा मग उगवत नाही, म्हणून वेग मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. आणि तिसरं म्हणजे पोती उंचावरून आपटणं आणि थप्पी फार उंच लावणं. हमालांना हे आधी समजावून सांगा, त्यासाठी हमाली थोडी जास्त द्यावी लागली तरी द्या. उगवण नापास झाली तर तो माल बाजारभावाने कुणी घ्यायचा, तोटा कंपनीचा की शेतकऱ्याचा, हे पेरणीआधी कागदावर येऊ द्या. वीस एकरांवर हे जमलं तरच पुढच्या वर्षी शंभर. पहिल्याच वर्षी दोनशे एकर घ्या म्हणणाऱ्या संचालकाला थांबवणं हे अध्यक्षांचं काम आहे.

एक नाजूक गोष्ट. काही संचालक स्वतः आडत करतात किंवा त्यांच्या घरात खताचं दुकान असतं. निविष्ठा केंद्राला किंवा थेट प्लांटला माल देण्याला बैठकीत विरोध होतो तो कधीकधी तिथून. ज्याचा व्यवहाराशी संबंध आहे त्याने तो सांगावा, त्या विषयावर मत देऊ नये आणि हे इतिवृत्तात लिहिलं जावं. पद्धत सगळ्यांना सारखी लावली तर गावातले संबंध बिघडत नाहीत.

सभासदांना आकडे सांगायला घाबरू नका. कायद्याने उत्पादक कंपनीला मालाच्या किमतीचा काही भाग रोखून ठेवून नंतर देता येतो. अडचणीच्या वर्षात हा मोठा आधार आहे. पण न सांगता पैसे थकवले तर ती थकबाकी, आणि आधी ठरवून, पावतीवर लिहून क्विंटलमागे शंभर रुपये मार्चपर्यंत ठेवले तर ते भांडवल. यासाठी ठराव सर्वसाधारण सभेत व्हावा. नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश आहे, म्हणजे पाचशेच्या कंपनीत १२५ माणसं प्रत्यक्ष बसलेली हवीत. नोटिशीसोबत एका पानावर रोख शिल्लक, बँकेचं देणं, कुणाकडून किती येणं आहे आणि वीस एकरांच्या प्लॉटचा खर्च छापा.

आणि वार्षिक विवरणपत्रं भरा. कंपनी अडचणीत आली की सीएची फी वाचवायची म्हणून हे काम मागे पडतं. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढत जातं. दोन वर्षं काहीच भरलं नाही आणि कंपनीचं कामकाज बंद आहे असं दिसलं, तर कंपनी निबंधक नाव काढून टाकण्याची कारवाई सुरू करू शकतो, आणि तीन वर्षं सलग राहिलं तर संचालक पाच वर्षं अपात्र ठरतात. बीजोत्पादनाची नोंदणी असो की बँकेचं वाढीव कर्ज, दोन्हीकडे पहिल्यांदा हीच कागदपत्रं मागतात, तेव्हा १३ आठवड्यांच्या तक्त्यात सीएची फी पहिल्या महिन्यातच धरा.