लेकाकडे जाताय? मग एवढं कराच

मुलाने अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसजवळ घर घेतलं, आणि आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तो "आईबाबा, या ना यंदा" म्हणून राहिला आहे. तुम्हीही ठरवलं, यंदाचा नागपूरचा उन्हाळा तिकडेच काढू. उत्तम विचार. जुलै-ऑगस्टमध्ये टेक्ससातही पारा चाळिशीला टेकतो, हे तिकीट काढेपर्यंत कुणी सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी विमानतळावरचा अधिकारी बहुधा एका वेळी सहा महिनेच राहू देतो. ही मर्यादा अमेरिकेने कुणाच्या सुखासाठी घातली असावी, त्यावर बोलायला नको. आपण सहा महिने सत्कारणी कसे लावायचे तेवढं पाहू.

पहिलं म्हणजे, व्हीलचेअर मागा. रोज पहाटे फुटाळा तलावाला दोन चकरा मारत असलात तरी मागा. रांगा चुकतात, आणि ढकलणारा माणूस थेट इमिग्रेशनच्या खिडकीशी नेऊन उभा करतो. फक्त ओळखीचं कुणी दिसलं की टुणकन उठून त्यांच्याकडे धावत जाऊ नका.

सामानात काय न्यायचं, याचा वाद घरोघरी होतो. तांदूळ नेता येत नाही, कारण त्यातून खापरा भुंगेरा नावाची धान्यातली कीड शिरेल अशी त्या देशाला धास्ती आहे. संत्रीही नाहीत. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं संत्रं तिथल्या कस्टमवाल्याच्या दृष्टीने निव्वळ कीड लपवायची जागा. संत्रा बर्फी चालते, वड्या, पापड, कुरडया, सावजी मसाला चालतो. पण विचारल्यावर "खाद्यपदार्थ आहेत" हे कबूल करावं लागतं. तुम्ही मात्र "काही नाही" असंच सांगा आणि मग बॅग उघडल्यावर कुरडई म्हणजे काय हे इंग्रजीत समजावून द्या. दंड झालाच तर तो मुलगा भरेल. मिक्सरही न्याच. तिथे वीज 120 व्होल्टची असल्याने आपला मिक्सर कण्हत कण्हत फिरतो, पण नेण्यात मजा आहे.

घरात पाऊल टाकलं की मुलगा थोडं प्रशिक्षण देईल. शॉवरचा नळ कुठे वळवायचा, कचऱ्याची कोणती पेटी कोणत्या वारी फुटपाथशी ठेवायची, अलार्म कसा बंद करायचा. "हो हो" म्हणा आणि काहीच लक्षात ठेवू नका. लक्षात ठेवलं तर तुम्ही पाहुणे ठरता. पाहुण्याला नियम असतात, घरच्याला कसले आलेत?

आता स्वयंपाकघर. खरी सत्ता तिथे आहे, त्यामुळे इथे घाई करू नये. पहिले चार दिवस नुसतं पाहा, सूनबाईने मोहरी कुठे ठेवली, हिंग कुठे, पोळपाट कुठे. पाचव्या दिवशी ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना सगळं उपसून "जरा हाताशी येईल असं" लावून द्या. संध्याकाळी ती हळद शोधू लागली की म्हणायचं, "अगं, तिथेच तर आहे." तिचा चेहरा पाहू नका, पाहिला तर पुढचे कार्यक्रम बारगळतील.

मग तर्री पोहे. अमेरिकेतली बरीचशी घरं लाकडी सांगाड्यावर उभी असतात आणि शेगडीवरचा पंखा अनेकदा धूर बाहेर सोडतच नाही. जाळीतून गाळून पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडतो. वर सगळ्या घराला एकच एसी. म्हणजे तुम्ही खाली मिरचीची फोडणी दिली की दोन मिनिटांत वरच्या मजल्यावर झोपलेला नातू शिंकतो, आणि त्याच वेळी छतावरचा स्मोक अलार्म किंचाळू लागतो. घाबरू नका. पंचा घेऊन त्याच्याखाली जोरजोराने हलवा. मुलगा मीटिंग म्यूट करून धावत येईल. त्याला गरम गरम प्लेट द्या. वर्षभर कॉर्नफ्लेक्स खाऊन राहिलेला मुलगा तर्री पाहून काहीही बोलणार नाही. बोलेल सूनबाई, पण तीही प्लेट संपल्यावर.

डिशवॉशर हे भांडी धुवायचं यंत्र आहे, अशी गैरसमजूत पसरली आहे. ती हाताने धुतलेली भांडी निथळत ठेवायची जाळी आहे, हे तिथल्या कुठल्याही मराठी आजीला विचारा. सिंकच्या पोटात कचरा दळणारं यंत्र असतं. त्यात कांद्याची सालं, भेंडीचे देठ, उरलेलं तेल खुशाल ढकला. तुंबलं की प्लंबर येतो. प्लंबरचं बिल आलं की आपल्या सर्वात आवडत्या खेळाला सुरुवात करता येते.

तो खेळ म्हणजे गुणाकार. डॉलरला नव्वदने गुणा. पंच्याऐंशीने गुणलं तर पुरेसं दुःख होत नाही. गोकुळपेठेच्या बाजारात भाजीवर फुकट टाकतात तो सांबार, म्हणजे कोथिंबीर, तिथे विकत घ्यावा लागतो, हे दुकानातच, बिलाच्या रांगेत, मोठ्याने सांगा. मुलाला केस कापायला किती लागतात ते विचारा, गुणा आणि सुस्कारा सोडा. त्याचा पगार मात्र कधीही गुणू नका. गुणलात तर मागच्या दिवाळीला त्याने किती पाठवले याचाही हिशेब निघतो आणि विषय भलतीकडे जातो.

थर्मोस्टॅट, म्हणजे एसीचं तापमान ठरवायची भिंतीवरची डबी, ही पुरुषमंडळींची जबाबदारी. त्यावर 78 आकडा दिसला की दचकू नका, ते फॅरनहाइट आहे, आपल्या हिशेबाने पंचवीस-सव्वीस. पण 23 मे 2013 ला 47.9 अंश अंगावर घेतलेल्या नागपूरकराने सव्वीस अंशांत गप्प बसावं, हे काही शोभत नाही. आधी "कूलरची मजा नाही बाप्पा" म्हणा, मग रात्री उठून 68 करा आणि सकाळी शाल पांघरून "काय गारठा करून ठेवता रे" असं सूनबाईला ऐकवा.

नातवाला गाडीत मांडीवर घेऊन बसायचा हट्ट धरा. टेक्ससात आठ वर्षांखालच्या मुलाला, तो चार फूट नऊ इंचांपेक्षा उंच नसेल तर, त्याच्या खास सीटवरच बांधावं लागतं. "आम्ही चौघं एका लूनावरून अंबाझरीला जायचो" हे वाक्य तिथे कायदा म्हणून धरत नाहीत, पण तुम्ही सांगत राहा.

विमा काढला असेल तर त्याचे कागद वाचू नका. जुन्या दुखण्यांना तो बहुधा लागू नसतो, आणि आपल्याकडे जुन्या दुखण्यांशिवाय आहे काय? सहा महिन्यांच्या गोळ्या मात्र प्रिस्क्रिप्शनसह न्या. ही एकच सूचना मी मनापासून करून राहिलो आहे.

दुपार मोठी असते. मुलं कामात, नातू शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणाच्या दारात उभं राहून "काय म्हणता?" म्हणायची सोय नाही. अशा वेळी नागपूरला फोन लावा. तिथे दुपारी दोन वाजता लावलात की उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. शेजारी नक्की घरीच सापडतात. नळ आले का, कूलरची टाकी कुणी भरली, गल्लीतल्या मांडवाची परवानगी मिळाली का, सगळं विचारा. आवाजाच्या ओढीने फोन केला, हे मात्र त्यांना कळू देऊ नका. किल्ली त्यांच्याकडे आहे, तर बोलणं किल्लीचंच ठेवा.

संध्याकाळी बागेत जा. तिथल्या बाकांवर तेलुगू, गुजराती, तमिळ आजी-आजोबा बसलेले असतात. सगळ्यांची मुलं कामात, सगळ्यांचे गुडघे सारखे. नागपुरी हिंदी तिथे छान चालते. तासाभरात कुणाचा जावई कसा आणि कुणाची सून काय रांधते, याची पक्की माहिती हाती येते. घरी जाऊन ती सांगू नका, कारण तुमचीही माहिती तोवर दुसऱ्या घरी पोचलेली असते.

पाचवा महिना लागला की मुलगा एकदम प्रेमळ होतो. "अजून काय पाहायचं राहिलं?" असं विचारू लागतो. भरून येऊ देऊ नका. सूनबाईच्या आईबाबांचं तिकीट त्याने आधीच काढलेलं असतं. तुमचं विमान उडालं की पंधरवड्यात अमरावतीहून त्यांची पाळी सुरू होते. म्हणून निघायच्या आदल्या रात्री, सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरात जा आणि डब्यांवरची लेबलं काढून धन्याच्या डब्यात जिरं, जिऱ्याच्या डब्यात ओवा, ओव्याच्या डब्यात मोहरी भरून ठेवा. विहीणबाईंनाही सहा महिने काहीतरी काम हवं.