‘जाड स्लॅब टाका, सायलो उभा करा’: या सल्ल्यात काय चुकतं

सायलो, म्हणजे धान्य साठवण्याची पत्र्याची उंच गोल टाकी, बांधायला काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतो आहे: “सायलोच्या जागेला फार काही लागत नाही. सपाट जागा बघा, मुरूम टाकून रोलर फिरवा, स्लॅब भरपूर जाड टाका. काँक्रीट असल्यावर ओल येत नाही. ड्रायर, एलिव्हेटर मागाहून बसवता येतात. स्लॅब सुकला की भरायला घ्या.” एकेक वाक्य घेऊ.

“सपाट जागा बघा”

पाण्याने वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला म्हणूनच पुष्कळ जागा सपाट झालेल्या असतात. तो गाळ मऊ असतो आणि पावसात पाणीही तिथेच साचतं. थोडा उतार असलेली, निचऱ्याची जागा बरी.

“मुरूम टाकून रोलर फिरवा”

इथे आधी वजनाचा हिशेब करायला हवा. 10 मीटर व्यासाच्या सायलोत 12 मीटर उंचीपर्यंत गहू भरला, तर घनमीटरला सुमारे 770 किलो धरून जवळपास 725 टन होतात. म्हणजे तळाच्या दर चौरस मीटरवर 9 टनांहून थोडं जास्त.

हा दाब वरच्या थरात जिरत नाही. गोल पायाच्या मध्याखाली 5 मीटर खोलीवरही त्यातला सुमारे 65 टक्के दाब शिल्लक असतो, 15 मीटरवर सुमारे 15 टक्के. रोलर मात्र घट्ट करतो वरचे 20–30 सेंटीमीटर. त्यामुळे दीड मीटरचा खड्डा खणून “खाली कडक लागलं” म्हणण्याला अर्थ नाही. व्यासाच्या किमान दीडपट खोलीपर्यंत, किंवा पक्का खडक लागेपर्यंत बोअर घेऊन माती तपासावी लागते. शेजारी शेजारी सायलो असतील तर त्यांचे दाब जमिनीत एकमेकांत मिसळतात. मग मधली माती जास्त दबते आणि सायलो एकमेकांकडे झुकतात.

कॅनडातल्या विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे ऑक्टोबर 1913 मध्ये नेमकं मातीनेच दगा दिला. नवीन धान्यकोठार भरत असताना ते एका दिवसाच्या आत सुमारे 27 अंशांनी कललं. काँक्रीट जवळजवळ शाबूत होतं. पायाखालची चिकण माती भार घेऊ शकली नाही. वरच्या थराची चाचणी झाली होती. खालचा थर वरच्याहून कमजोर होता, तो तपासलाच गेला नव्हता.

भराव वाईट असतो असं नाही, तो कसा टाकतात यावर सगळं आहे. आधी मुळं, काडीकचरा असलेली वरची माती पूर्ण काढायची. मग मोकळ्या मापाने 20 सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थर योग्य ओलाव्यावर दाबलेला, आणि प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेत तीच माती दाबून मिळणाऱ्या कमाल घनतेच्या) किमान 95 टक्के भरल्याची चाचणी झाल्याशिवाय पुढचा थर नाही. एक मीटर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग पोकळच राहतो. सायलोचा अर्धा पाया भरावावर आणि अर्धा मूळ जमिनीवर, हे तर कधीच नको.

“स्लॅब भरपूर जाड टाका”

स्लॅब जाड केल्याने तो कमी वाकतो, पण मातीवरचं एकूण ओझं काही घटत नाही. उलट 30 सेंटीमीटर जादा काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे 0.7 टन नवं वजन. शिवाय धान्य पत्र्याच्या भिंतीला घासत राहतं, त्यामुळे भाराचा मोठा वाटा भिंतीतून खाली उतरतो. जाडी आणि सळई हवी ती भिंतीखालच्या रिंगमध्ये, म्हणजे गोल कडेच्या पायात.

“काँक्रीट असल्यावर ओल येत नाही”

येते. काँक्रीट जमिनीतलं पाणी वर ओढतं. त्यासाठी स्लॅबखाली बारीक भुकटी नसलेल्या खडीचा 10–15 सेंटीमीटर थर, त्यावर 250 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, जोड एकमेकांवर चढवून टेपने बंद केलेले. आतली फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान 30 सेंटीमीटर उंच, आणि बाहेर पहिल्या 3 मीटरमध्ये 15 सेंटीमीटर उतार. भिंतीबाहेरची काँक्रीटची कड आतल्या फरशीच्या पातळीत सपाट ठेवली, तर पावसाचं पाणी पत्र्याखालून आत शिरतं. मग तळाच्या धान्याला बुरशी धरते, गोळे होतात आणि ते निकासीच्या तोंडाशी अडकतात. ते मोकळे करायला माणूस आत उतरतो, आणि सायलोवर याहून धोक्याचं काम क्वचितच असेल.

“ड्रायर, एलिव्हेटर मागाहून”

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पिट, म्हणजे त्याचा खड्डा, बहुधा सायलोच्या पायाहून खोल जातो. शेजारी भरलेला सायलो असताना तो खणला तर पायाखालची मातीच खड्ड्याकडे सरकते. म्हणून सर्वांत खोल खड्डा सर्वांत आधी. पायाच्या खालच्या कडेपासून बाहेर खाली उतरणारी 45 अंशांची रेषा काढली तर खड्डा तिच्या खाली जाता कामा नये. भुसभुशीत मातीत अंतर आणखी जास्त. पिटच्या काँक्रीटच्या जोडात वॉटर स्टॉप (पाणी अडवणारी पट्टी), तळात पंपासाठी छोटा खळगा. भोवतीची भरतीही थराथरानेच.

धान्य वाळवणाऱ्या ड्रायरची दिशाही आधीच ठरवावी लागते. 20 टक्के ओलाव्याचं धान्य 14 वर आणताना टनामागे सुमारे 70 किलो पाणी हवेत जातं. ताशी 10 टनांचा ड्रायर म्हणजे तासाला 700 किलो वाफ, सोबत कोंडा. तो झोत वाऱ्याबरोबर सायलोच्या पंख्यांकडे किंवा ड्रायरच्याच हवा घेण्याच्या तोंडाकडे गेला, तर वाळवलेल्या धान्यात पुन्हा दमट हवा भरली जाते. विजेच्या तारा डोक्यावरून जात असतील तर त्याही बांधकामाआधीच हलवाव्यात.

“स्लॅब सुकला की भरा”

काँक्रीट वरून सुकलं म्हणजे ताकदीला आलं असं नाही. आराखड्यातली ताकद 28 दिवसांची धरलेली असते, तोवर पाणी मारून जपायचं. पहिली भरणी टप्प्याटप्प्याने, साधारण एक तृतीयांश करून. रिंगवर चार खुणा करून प्रत्येक टप्प्यानंतर लेव्हल मशीनने मापं घ्यायची आणि खचणं थांबेपर्यंत पुढचा टप्पा रोखायचा. चारही खुणा सारख्या खाली गेल्या तर बहुधा चालतं. एकच बाजू खाली जाऊ लागली, तर भरणी थांबवून आराखडा करणाऱ्या अभियंत्याला बोलवावं. अशा वेळी एकाच बाजूने धान्य काढून ‘तोल सावरायला’ जाऊ नये. एका बाजूने काढलं की पत्रा आत चेपतो.