सब-काँट्रॅक्टवर गार्ड घेतले म्हणून जबाबदारी जात नाही

भाचा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आता चाकणला सिक्युरिटी एजन्सी काढतोय. परवा त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" हाच मेसेज आधी तिघांकडून आला होता, तेव्हा सोडून दिला. आता तो घरात शिरलाय, म्हणून लिहितो.

मेसेज सांगतो की नव्या एजन्सीने स्वतःच्या पगारावर गार्ड ठेवूच नयेत, सगळे सब-काँट्रॅक्टवर, म्हणजे दुसऱ्या ठेकेदाराकडून घ्यावेत. 30 टक्के स्वस्त पडतात, रिलीव्हरची, म्हणजे सुट्टीच्या बदली गार्डची कटकट नाही, ट्रेनिंग-व्हेरिफिकेशन त्या ठेकेदाराचं, आणि पीएफ-ईएसआयशी (भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विमा) आपला संबंध नाही.

स्वस्त कसे पडतात ते आधी सांगा. मालकाच्या वाट्याचा पीएफ खर्चासकट 13 टक्के, ईएसआय सव्वातीन, बोनस किमान 8.33. ढोबळमानाने पगारावर साडेचोवीस टक्के. हे सब-काँट्रॅक्टरलाही चुकत नाही, वर त्याला स्वतःचा नफा काढायचाय. मग 30 टक्के येतात कुठून? गार्डच्या खिशातून. 24 तासांच्या एका पॉइंटवर, म्हणजे पहाऱ्याच्या जागेवर, आठ-आठ तासांच्या आठवड्याला 21 ड्युट्या होतात. प्रत्येकाला एक सुट्टी द्यायची तर साडेतीन माणसं लागतात. सब-काँट्रॅक्टर दोघांनाच बारा-बारा तास उभं करतो, सुट्टी देतच नाही. रात्री तीनला गार्ड झोपलेला सापडला की आपण दंड लावतो. तो सलग कितवी ड्युटी करतोय हे कोणी विचारत नाही.

ट्रेनिंग-व्हेरिफिकेशन त्याचं, हे तर साफ खोटं. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, 2005 काढा आणि कलम 10 वाचा. वय, चारित्र्य, प्रशिक्षण, शारीरिक पात्रता या अटी पूर्ण न करणाऱ्याला एजन्सीने नोकरीवर ठेवायचं नाही, तसंच कामावरही लावायचं नाही. दोन्ही शब्द कायद्यात आहेत. माणूस सब-काँट्रॅक्टरचा असला तरी गेटवर तुम्हीच लावलाय. मोडलंत तर 25 हजारांपर्यंत दंड, शिवाय लायसन्स निलंबित किंवा रद्द. आणि त्या सब-काँट्रॅक्टरकडे स्वतःचं लायसन्स नसेल तर कलम 4 प्रमाणे त्याचा धंदाच बेकायदा.

पण सगळ्यात घातक मुद्दा पीएफ-ईएसआयचा. मी फिल्ड ऑफिसर होतो तेव्हा तळेगावजवळच्या एका गोडाऊनवर नाईट राऊंडला गेलो. गार्ड पन्नाशीचा, लातूरकडचा. रजिस्टरवर माझी सही होईपर्यंत थांबला आणि मोबाईल पुढे केला. "साहेब, हे जरा बघा." पीएफच्या पासबुकात शेवटची नोंद सात महिन्यांपूर्वीची. खिशातल्या पगाराच्या स्लिपांवर मात्र कपात दर महिन्याला. बायकोला ईएसआयच्या दवाखान्यात नेलं, तर हप्ते भरलेले नाहीत म्हणून परत पाठवलं होतं. त्याच्या सब-काँट्रॅक्टरचा फोन बंद. गोडाऊनच्या कंपनीला कळलं तेव्हा तिने आमच्या एजन्सीचं बिल अडवलं आणि थकलेली सगळी रक्कम शेवटी एजन्सीनेच भरली. कंपनीचं काहीच चुकलं नाही. 1952 च्या पीएफ योजनेचा परिच्छेद 30 कंत्राटदाराच्या माणसांच्या वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्याकडे काम चालतं त्याच्यावर टाकतो, मग तो खालच्याला धरणारच. पगाराचंही तेच. आधीचा 1970 चा कंत्राटी कामगार कायदा घ्या की त्याच्या जागी आलेली 2020 ची कामगार सुरक्षा संहिता, कंत्राटदाराने बुडवलं तर मुख्य मालकाला द्यावं लागतं. "संबंध नाही" लिहिणाऱ्याने त्या गार्डसमोर उभं राहून हे वाक्य म्हणून दाखवावं.

रिलीव्हरचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. गणपतीचे दहा दिवस, एखादं प्रदर्शन, यात्रा, अशा वेळी अचानक चाळीस माणसं लागतात. ती कायम पगारावर कोणी ठेवू शकत नाही. तिथे लायसन्सवाला सब-काँट्रॅक्टर जरूर घ्या. वर्षभराच्या पॉइंटवर नको.

भाच्याला फोनवर सांगितलं, कायमच्या पॉइंटवर माणसं तुझ्याच मस्टरवर घे, चार पॉइंट कमी मिळाले तरी चालतील. सणासुदीला बाहेरून घेतलेस तर नुसतं पीएफ भरल्याचं चलान बघून पैसे सोडू नकोस. चलानासोबतची नाव आणि यूएएनची (प्रत्येकाच्या पीएफ नंबरची) यादी माग, गेटवरच्या हजेरीतलं एकेक नाव तिच्यात शोध. एक जरी सापडलं नाही, तरी बिल थांबव.