टॅब घेताय? प्रोसेसर सगळ्यात शेवटी विचारा

जून आला की ओळखीतल्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. "सर, आयपॅड घेऊ की सॅमसंग?" जंगली महाराज रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेलात की सेल्समन रॅम आणि प्रोसेसरचं पाठांतर म्हणून दाखवतो. अहो, आम्हाला इंटिग्रेशन शिकवायचंय, गेम नाही खेळायचा!

आधी पेन बघा. सॅमसंगचं एस पेन वॅकॉम या डिजिटल पेन बनवणाऱ्या कंपनीच्या तंत्रावर चालतं. लिहायला चार्जिंग लागत नाही आणि एस मालिकेच्या टॅबबरोबर खोक्यातच मिळतं. ॲपलची पेन्सिल वेगळी घ्यायची, वर चार्ज करायची. त्यातली स्वस्तातली यूएसबी-सीवाली दाब ओळखत नाही. गणिताला त्यानं काही अडत नाही, चित्रकलेच्या बाईंनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

मग वायर. सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटला टाइप-सी आहे, पण त्यातून प्रोजेक्टरला चित्र जात नाही. दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडमधून जातं. वरून बघाल तर दोन्ही पोर्ट सारखेच. वाय-फायवरून दाखवू म्हणत असाल तर आधी आपल्या कॉलेजचं वाय-फाय आठवा.

नोट्सच्या ॲप्समध्ये आयपॅड पुढे आहे, हे मान्य. पण सॅमसंग नोट्स फुकट आहे आणि रोजच्या तासाला पुरतं.

खरी गोची मराठीची. मराठी माध्यमाच्या कितीतरी प्रश्नपत्रिका डीटीपीवाले अजून श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच करतात. श्रीलिपी आपल्या पुण्याचीच, मॉड्युलर इन्फोटेकची. सी-डॅक या सरकारी संस्थेचं त्याच कामाचं आयएसएमही इथलंच. असल्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची मिसळ. पीडीएफ मागवली तर वाचता येतं, पण तिसऱ्या प्रश्नाचे गुण तीनचे चार करायचे म्हटलं की परत विंडोज गाठा. २०२१ मध्ये आयपॅड प्रोला मॅकबुक एअरमधलीच एम१ चिप मिळाली, तरी मॅकचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. चिप काय करणार, दार सॉफ्टवेअरनंच लावून घेतलंय.

मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबवर पूर्ण विंडोज असतं, त्यामुळे हा प्रश्न बराचसा सुटतो. एआरएम चिपवाला (नेहमीच्या इंटेलपेक्षा वेगळ्या जातीची चिप) सरफेस मात्र आपलं सॉफ्टवेअर चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. शिवाय कीबोर्डचे पैसे सहसा वेगळे. माझं मत विचाराल तर शिकवायला पेनवाला मधल्या किमतीचा टॅब घ्या आणि घरातला जुना विंडोज लॅपटॉप भंगारात देऊ नका. नव्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, करून द्या, असं डीटीपीवाल्याला आत्ताच बजावा. तो कुरकुर करेल, करू दे.

शोरूममध्ये जाताना टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर आणि गेल्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन जा. सेल्समनला म्हणावं, ही उघड, एक ओळ बदल आणि समोरच्या टीव्हीवर दाखव. रॅमचं नंतर बोलू.